ताडपत्रातला धर्म आणि आपल्या पदरातला



दशलक्षण पर्व संपलं की मंदिराच्या ओट्यावर एक विषय दरवर्षी निघतोच. एकीनं दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहाही अध्याय ऐकलेले असतात, प्रश्नमंजूषेत बक्षीसही घेतलेलं असतं, आणि क्षमावाणीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं जावेशी अबोला धरलेला असतो. दुसरीला धड सही करता येत नाही, पण घरात आजारपण येवो, वाटणीचं भांडण येवो, तिचा तोल सुटत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, ‘शास्त्र वाचून काय होतं गं? ते मुळातच असावं लागतं.’ आणि लगेच दुसरी म्हणते, ‘मग पाठशाळा कशाला चालवायच्या? बंद करून टाका.’

आपल्या शेजारणी याचं उत्तर एका शब्दात देतात. त्या म्हणतात, देवाची कृपा. महाराष्ट्रात आपण सगळ्या या शब्दासोबतच वाढलो. सवयीनं आपणही ‘महावीरस्वामींची कृपा’ म्हणून जातो. पण आपल्या सिद्धांतात भगवंत कुणाला काही देत नाहीत आणि कुणाचं काही काढून घेत नाहीत. ते वीतराग आहेत. ज्यांना आपल्यावर राग नाही, त्यांना आपल्यावर मेहेरनजर तरी कुठून असणार? तेव्हा कृपेची वाट आपल्याला नाही. मग उरतो तो अभ्यास. पण अभ्यास करूनही माणूस कोरडाच राहतो, हेही आपण रोज बघतो. मग धर्म अंगी येतो तरी कसा?

या प्रश्नाचं उत्तर मला एका ग्रंथात सापडतं, आणि त्या ग्रंथाच्या इतिहासातही सापडतं. तो ग्रंथ म्हणजे षट्खंडागम. त्याच्या इतिहासात बायकांचा हात आहे, आणि तो आपल्याला फारसा कुणी सांगत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

श्रुतपंचमीला आपण ज्याची पूजा करतो, तो हाच ग्रंथ. गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेनाचार्य राहत होते. अंगज्ञानाचा उरलेला अंश त्यांच्याजवळ होता, आणि आपल्यानंतर तो नाहीसा होईल याची त्यांना काळजी होती. त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाकडे निरोप पाठवला आणि दोन मुनी आले. आचार्यांनी त्यांना लगेच शिकवायला घेतलं नाही. दोघांना एकेक मंत्र साधायला दिला. एकात मुद्दाम एक अक्षर जास्त घातलं होतं, दुसऱ्यात एक कमी. मंत्र सिद्ध झाल्यावर देवी प्रकटल्या. एकीचे दात पुढे आलेले, दुसरीला एकच डोळा. दोघा मुनींनी विचार केला, देवता अशा विद्रूप नसतात, म्हणजे चूक मंत्रात आहे. त्यांनी आपापला मंत्र दुरुस्त करून पुन्हा साधना केली आणि देवी आपल्या खऱ्या रूपात आल्या. तेव्हा कुठे धरसेनाचार्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. हेच पुष्पदंत आणि भूतबली.

ही कथा आपण मुलांना चमत्कार म्हणून सांगतो. त्यातली परीक्षा मात्र सांगायची राहून जाते. आचार्यांना पाठांतर बघायचं नव्हतं. पुढे आलेलं फळ वाकडं आहे, तर आपण कुठे चुकलो हे शोधायची बुद्धी या दोघांना आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणजे शास्त्र हातात पडण्याआधीच काहीतरी माणसात असावं लागतं. ओट्यावरच्या पहिल्या बाईचं म्हणणं इथे अर्धं खरं ठरतं.

पुढे वीरसेनाचार्यांनी या ग्रंथावर धवला टीका लिहिली. ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. तिचा विस्तार बहात्तर हजार श्लोकांएवढा मानतात. त्यानंतर त्यांनी कषायपाहुडावर जयधवला लिहायला घेतली, पण ती त्यांच्या हातून पुरी झाली नाही. शिष्य जिनसेनांनी इ. स. ८३७ मध्ये ती पूर्ण केली. या ग्रंथांची ताडपत्रं पुढे कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत राहिली.

आता बायकांचा भाग. मूडबिद्रीच्या ताडपत्रांच्या शेवटी प्रशस्ती आहेत, म्हणजे ही प्रत कुणी लिहवून घेतली आणि कुणाला दिली याची नोंद. धवलेच्या प्रतीत देमियक्क या राजघराण्यातल्या श्राविकेचं नाव येतं. श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिनं ती प्रत शुभचंद्र सिद्धांतदेवांना दिली. महाबंधाच्या प्रतीत मल्लिकादेवीचं नाव येतं. तिनंही पंचमीच्या व्रताचं उद्यापन म्हणून ती प्रत लिहवून माघनंदी मुनींना अर्पण केली. आपण उद्यापनाला काय देतो? भांडी, चौरंग, चांदीचं छत्र. या दोघींनी ग्रंथ दिला. त्या वेळी एवढा ग्रंथ ताडपत्रावर लिहवून घ्यायचा म्हणजे केवढा खर्च आणि केवढा धीर! त्यांच्या व्रतामुळे ते शास्त्र टिकलं. नुसती भक्ती काय कामाची, असं कुणी म्हणालं की मला या दोघी आठवतात.

पण नंतर शतकानुशतकं ती ताडपत्रं फक्त दर्शनाची वस्तू झाली. मूडबिद्रीला जाणारे यात्रेकरू रत्नांच्या प्रतिमांचं दर्शन घ्यायचे आणि त्यासोबत सिद्धांतग्रंथांचंही. गाठोडं सोडायचं, लांबलचक पानं दाखवायची, लोकांनी हात जोडायचे, पुन्हा बांधून ठेवायचं. लिपी जुनी कन्नड. ती वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघ घेऊन मूडबिद्रीला गेले. त्यांनी दर्शन घेतलं आणि विचारलं, हे वाचणारं कुणी आहे का? श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री वाचू शकतील, असं उत्तर मिळालं. परत आल्यावर त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींना लिहिलं. हे ‘जैन बोधक’ सुरू करणारे हिराचंद शेठ. दुसऱ्याच वर्षी ते ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेऊन मूडबिद्रीला गेले आणि शास्त्रींनी ग्रंथाचा आरंभ वाचून दाखवला.

मैत्रिणींनो, षट्खंडागमाचा आरंभ कशानं होतो ठाऊक आहे? णमोकार मंत्रानं. इतकी शतकं ज्या गाठोड्याला लोक दुरून नमस्कार करत होते, त्याच्या पहिल्या पानावर आपल्या आज्या चुलीपाशी पुटपुटत होत्या तेच शब्द होते. आणि त्या मंत्रात मागणं एकही नाही. पाच परमेष्ठींना नमस्कार आहे, बस. आपल्याकडे कृपेचा हिशेब का लागत नाही, ते त्या मंत्रावरूनच कळावं.

पुढे वर्गणी जमवून १८९५-९६ च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय ही दोघं ते करू लागली. शास्त्रींचं मध्येच निधन झालं आणि काम गजपतींवर आलं. ते कितीतरी वर्षं चाललं. अट अशी होती की नक्कल मूडबिद्रीतच राहावी, बाहेर जाऊ नये. गजपती उपाध्यायांनी मात्र गुपचूप आणखी एक प्रत कन्नड लिपीत तयार केली. आणि त्या कामात त्यांना साथ होती त्यांच्या विदुषी पत्नीची, लक्ष्मीबाईंची.

क्षणभर थांबून विचार करा. मुलींना शाळेत घालावं की नाही यावर घराघरांत वाद होते तो काळ. शास्त्र छापणं म्हणजे अविनय, असं मोठमोठी माणसं म्हणत होती तो काळ. आणि एका उपाध्यायाच्या घरातली बाई सिद्धांतग्रंथाची पानंच्या पानं उतरवत होती.

ही प्रत घेऊन गजपती सोलापूरला हिराचंद शेठांकडे गेले. ज्या ग्रंथासाठी शेठजींनी इतकी वर्षं खटपट केली, तो समोर आला होता. शेठजींनी तो ठेवून घेतला नाही, आणि माणिकचंद शेठांनाही ठेवू नका असं कळवलं. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत आपल्या मंदिरात ठेवली. तिथून नकला झाल्या आणि त्या कारंजा, आरा, अमरावती अशा ठिकाणी पोचल्या.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. अचौर्य हे आपलं व्रत. दिलेला शब्द मोडून आणलेलं शास्त्र, म्हणून नको म्हणणारे शेठजी मला धर्मात्मा वाटतात. आणि लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली नसती, तर हा ग्रंथ आपल्यापर्यंत कधी पोचला असता, की वाळवीनं खाल्ला असता? शेठजींना व्रत पुस्तकानंच शिकवलं होतं. पण समोर हवं ते आलेलं असताना हात मागे घेणं पुस्तक शिकवत नाही. ते त्यांचं स्वतःचं होतं.

अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी या नकलांवरून संपादन सुरू केलं. कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्यांसारख्या विद्वानांचं त्यांना साहाय्य होतं. १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून निघाला. पुढे मूडबिद्रीकरांनीही मन मोठं केलं आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघू दिले. सोळा खंड पूर्ण व्हायला वीसएक वर्षं लागली.

मग उघडलेल्या ग्रंथात आपल्या प्रश्नाचं काय उत्तर निघालं?

सम्यक्त्व कशानं उत्पन्न होतं, याची त्यात चर्चा आहे. माणसाला ते तीन निमित्तांनी होऊ शकतं. पूर्वजन्माच्या स्मरणानं, धर्म ऐकल्यानं, किंवा जिनबिंबाच्या दर्शनानं. नरकातल्या जीवाला दर्शन कुठून मिळणार? त्याला वेदनासुद्धा निमित्त होऊ शकते. बघा, श्रवण आणि दर्शन शेजारीशेजारी बसवलेत. हात जोडणारी आणि कान देणारी, कुणालाच ग्रंथानं बाहेर काढलेलं नाही. दुःखालाही नाही.

तत्त्वार्थसूत्रातही उमास्वामींनी दोन वाटा सांगितल्या आहेत, निसर्गज आणि अधिगमज. कुणाला आपोआप, तर कुणाला उपदेशानं. टीकाकार समजावतात की आतलं कारण दोन्हीकडे एकच आहे, दर्शनमोहनीय कर्म शमणं किंवा झडणं. आणि ‘आपोआप’ म्हणजे फुकट नव्हे. आधी कधीतरी, कदाचित मागच्या एखाद्या भवात, उपदेश कानावर पडलेला असतो. बी तेव्हा पडलेलं असतं, उगवताना आज दिसतं. शेजारीण ज्याला कृपा म्हणते, त्याला आपलं शास्त्र जुनी कमाई म्हणतं.

धवलेत पाच लब्धी सांगितल्या आहेत. समजण्याची शक्ती मोकळी होणं ही क्षयोपशम लब्धी. मन निवळणं ही विशुद्धी. उपदेश मिळणं आणि तो धरून ठेवता येणं ही देशना. कर्मांचा जोर उतरणं ही प्रायोग्य. आणि शेवटची करणलब्धी, म्हणजे आत्म्याचे असे परिणाम की सम्यक्त्व होणारच. यातल्या पहिल्या चार कुणालाही मिळू शकतात, ज्याला कधीच मोक्ष नाही अशा अभव्य जीवालासुद्धा. पाचवी आतून यावी लागते.

म्हणजे सगळं प्रवचन, सगळी शिबिरं, सगळी प्रश्नमंजूषा तिसऱ्या पायरीवर येते. तिसऱ्या पायरीवर बसून राहिलं तर वर जाता येत नाही, हे खरं. पण देशनेची पायरी ग्रंथानं वगळलेलीही नाही. महावीरांचा जीव सिंहाच्या जन्मात होता, तेव्हा दोन चारणमुनींनी त्यालाही उपदेश केला. सिंहाला वाचता येत नव्हतं, पण ऐकावं लागलंच.

हेच आपल्याला रेवती राणीच्या कथेत दिसतं. ही गोष्ट बहुतेक सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातली दोन माणसं एकमेकांशेजारी ठेवून बघा. मथुरेत भव्यसेन मुनी होते, अकरा अंगांचे जाणकार. गुप्ताचार्यांनी क्षुल्लकाबरोबर मथुरेला निरोप दिले, त्यात रेवतीला आशीर्वाद पाठवला आणि भव्यसेनांचं नावसुद्धा घेतलं नाही. क्षुल्लकानं विद्येच्या जोरावर हिरवळ उत्पन्न केली, तर भव्यसेन शास्त्र ठाऊक असून त्यावरून चालत गेले. रेवतीसमोर त्यानं ब्रह्मा, विष्णू, महेश, अगदी तीर्थंकराचंही रूप घेतलं. सगळं गाव लोटलं, पण रेवती गेली नाही. तिचं म्हणणं साधं होतं, तीर्थंकर चोवीसच आणि ते होऊन गेले, हा पंचविसावा कुठून आला?

आता सांगा, हे ‘चोवीसच’ तिला कुठून कळलं? ऐकून, शिकूनच ना? रेवतीचं ज्ञान भव्यसेनांपेक्षा कितीतरी थोडं होतं, पण जेवढं होतं तेवढं तिच्या पावलांपर्यंत पोचलं होतं. भव्यसेनांचं जिभेपाशी अडकलं. शिवभूती मुनींना तर काहीच पाठ होत नसे. ‘तुष-माष’ एवढंच घोकत, टरफल वेगळं आणि डाळ वेगळी, तसा देह वेगळा आणि आत्मा वेगळा, हे त्यांना उमगलं आणि ते केवली झाले. पण तेवढी दोन अक्षरं तरी गुरूंनी दिलेलीच होती.

घरातलं उदाहरण घ्यायचं तर पाणी गाळण्याचं. कापड दुहेरी करायचं, भांड्याच्या तोंडापेक्षा मोठं घ्यायचं, गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात हळूच सोडायचे. हे सगळं सासू सुनेला शिकवू शकते, शिकवायलाच हवं. ते जीव सोडताना सुनेचा हात आपोआप हळू व्हावा, हे मात्र सासूला शिकवता येत नाही. पण कापड कधी हातातच दिलं नाही, तर तो हात हळू व्हायची वेळ तरी कुठून येणार?

म्हणून, ‘मुळातच असावं लागतं’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. त्याच वाक्याच्या आधारे आपल्या पणज्यांना शास्त्रापासून लांब ठेवलं गेलं. बायकांना काय करायचंय सिद्धांत, त्यांची श्रद्धा पुरे. ज्यांनी मूडबिद्रीत ‘हे वाचणारं कुणी आहे का’ असं विचारलं, त्याच माणिकचंद शेठांनी आपल्या विधवा मुलीला, मगनबाईंना, कोपऱ्यात बसवलं नाही. शिकवलं. त्यांनी पुढे मुंबईचं श्राविकाश्रम उभं केलं आणि कितीतरी एकाकी बायकांच्या हाती अक्षर आणि शास्त्र दोन्ही दिलं. सोलापूरला श्राविका संस्थेचा एवढा मोठा पसारा उभा करणाऱ्या ब्रह्मचारिणी पंडिता सुमतिबाई शहा तर आपल्यातल्या अनेकींच्या आईच्या, मावशीच्या बाईच. १९६५ मध्ये षट्खंडागमाची मूळ सूत्रं हिंदी अनुवादासह एका ग्रंथात निघाली, तेव्हा संपादिका म्हणून नाव होतं सुमतिबाईंचं.

देमियक्कनं ग्रंथ दान दिला, लक्ष्मीबाईंनी लपून उतरवला, सुमतिबाईंनी उघडपणे संपादला. यांतल्या एकीलाही कुणी धर्म आयता दिला नाही. आणि कुणी ग्रंथच दिला नसता, तर त्यांना पुढची वाटही दिसली नसती.

तेव्हा ओट्यावरच्या दोघींना माझं सांगणं एवढंच. वाचणारीनं स्वाध्याय सोडू नये, पण जावेशी बोलायला आजच जावं. तिची खरी परीक्षा तिथेच आहे, प्रश्नमंजूषा होऊन गेली. आणि जिला वाचता येत नाही, तिला ‘तुझी श्रद्धा पुरे’ म्हणून आपण सोडून देऊ नये. रोज अर्धा तास तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचावं. कदाचित ऐकता ऐकता तीच आपल्याला एखाद्या ओळीचा अर्थ सांगेल.

येत्या श्रुतपंचमीला ग्रंथाला नवं वेष्टन तर घालालच. घालण्याआधी एक पान उघडा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.